सकाळी लॉगिनला बारा मिनिटे आणि कालची फाइल गायब: सर्व्हर बदलण्याआधी हे तपासा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सौहार्द सहकारी संस्था, मुख्य कार्यालय बेळगावात, शाखा खानापूरला आणि नंदगडला. बेळगावात एक विंडोज सर्व्हर, तिथे चौदा पीसी, शाखांमध्ये तीन-तीन पीसी व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या खाजगी जोडणीने) जोडलेले. कर्मचारी काउंटर बदलत असतात म्हणून सगळ्यांना रोमिंग प्रोफाइल (माणसाबरोबर कुठल्याही पीसीवर येणारे डेस्कटॉप, फाइली आणि सेटिंग) दिले आहे. आता सकाळी दहाला लॉगिन करताना 'वेलकम'वर दहा-बारा मिनिटे जातात. अधूनमधून कुणाला तरी कोरा डेस्कटॉप आणि 'टेम्पररी प्रोफाइल' असा निरोप येतो. काल सेव्ह केलेली एक्सेल फाइल आज दिसत नाही, किंवा परवाची जुनी प्रत दिसते. व्हेंडर सांगतो सर्व्हर बदला. बदलावा का?

माझ्या मते तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळे दोष आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेत. प्रोफाइल सिंक होणे, फोल्डर सर्व्हरवर वळवणे आणि ऑफलाइन फाइल्स (सर्व्हरवरच्या फाइलींची पीसीवर ठेवलेली प्रत) या तीन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. तिघींचा निरोप कर्मचाऱ्याला मात्र एकच दिसतो, 'माझी फाइल नाही'. कुठली यंत्रणा कुठे अडकली हे वेगळे केल्याशिवाय नवा सर्व्हर आणलात तर हेच दोष त्याच्यावरही येतील.

आजच सगळ्यांना दोन गोष्टी सांगा. 'टेम्पररी प्रोफाइल'चा निरोप आला तर त्या मशीनवर एक ओळही टाइप करायची नाही. ते प्रोफाइल लॉगऑफ होताना पुसले जाते, त्यातली फाइल नंतर मिळत नाही. दुसरे, गायब फाइल शोधून होईपर्यंत कुणीही प्रोफाइल डिलीट करू नये, सिंक रीसेट करू नये. बहुतेक वेळा फाइल गेलेली नसते, ती भलत्या ठिकाणी पडलेली असते.

कुठे पडलेली असते? ज्या पीसीवर काम झाले त्याच्या सी ड्राइव्हवर 'युजर्स' फोल्डर उघडा. तिथे एकाच माणसाची दोन-तीन फोल्डर दिसतील: नुसते नाव, नावापुढे टिंब देऊन डोमेनचे (ऑफिसच्या विंडोज नेटवर्कचे) नाव, त्यापुढे ०००, ००१. प्रत्येक फोल्डर म्हणजे विंडोजने गोंधळून केलेले नवे प्रोफाइल. त्यांचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बघा, तारखेनुसार लावा, सगळे आधी एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग सर्व्हरवर शॅडो कॉपी (ठरल्या वेळी आपोआप निघणाऱ्या प्रती) चालू आहेत का बघा. चालू असतील तर शेअर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'प्रीव्हियस व्हर्जन्स'. तिथे 'रिस्टोअर' दाबू नका, 'ओपन' करून हवी ती फाइल बाजूला काढा. रिस्टोअर पूर्ण फोल्डर मागे नेतो आणि आजचे काम घालवतो. एक लक्षात ठेवा, शॅडो कॉपीचे मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ असे असते. तुमचा शनिवार कामाचा असेल तर त्या दिवसाची प्रत निघतच नाही, वेळापत्रकात शनिवार हाताने घालावा लागतो. एका व्हॉल्यूमवर जास्तीत जास्त ६४ प्रती राहतात, जागा कमी पडली तर त्याआधीच जुन्या जातात.

आता निदान. तिन्ही यंत्रणा वेगळ्या करायला पाच मिनिटे लागतात. तक्रार असलेल्या पीसीवर कंट्रोल पॅनेलमधून सिस्टीम, ॲडव्हान्स्ड, 'युजर प्रोफाइल्स'ची यादी उघडा. तिथे 'टाइप' रोमिंग आहे की लोकल, आणि आकार किती, हे दिसते. टाइप रोमिंग आणि 'स्टेटस' लोकल दिसले तर सर्व्हरची प्रत मिळालेली नाही. मग डॉक्युमेंट्स फोल्डरवर राइट क्लिक करून 'लोकेशन' बघा. पत्ता सर्व्हरचा असेल तर फोल्डर वळवलेला आहे, सी ड्राइव्हचा असेल तर तो प्रोफाइलबरोबर रोज ये-जा करतोय. पत्त्यात वनड्राइव्ह दिसले तर तिथेच थांबा: कुणीतरी वनड्राइव्हचा 'बॅकअप' चालू केलाय आणि तो तुमच्या सर्व्हरच्या पॉलिसीशी झुंजतोय. दोन्हींपैकी एकच ठेवा.

यानंतर इव्हेंट व्ह्यूअर, ॲप्लिकेशन लॉग, त्यात सोर्स 'युजर प्रोफाइल्स सर्व्हिस'. नंबर बघा, ते स्वच्छ बोलतात. १५११ म्हणजे टेम्पररी प्रोफाइल दिले. १५१५ म्हणजे विंडोजने मूळ प्रोफाइल बाजूला ठेवले. १५२१ म्हणजे सर्व्हरवरची प्रत सापडली नाही. १५०४ म्हणजे लॉगऑफला प्रोफाइल पूर्ण चढले नाही. १५०९ म्हणजे अमुक फाइल कॉपी होईना, आणि त्यात फाइलचे पूर्ण नाव असते, ते जपून ठेवा. १५२६ म्हणजे सर्व्हरवरच्या फोल्डरचा मालक चुकीचा आहे. १५३० दिसला तर घाबरू नका. एखाद्या प्रोग्रॅमने रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) वेळेत सोडली नाही एवढेच तो सांगतो, आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही.

१५२१ येत असेल तर प्रोफाइलला हात लावू नका, आधी पाया तपासा. पहिले डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा. पीसीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून फक्त तुमच्या डोमेन सर्व्हरचा पत्ता हवा. 'इंटरनेट बंद पडू नये' म्हणून दुसऱ्या रकान्यात राउटरचा किंवा ८.८.८.८ हा पत्ता घातलेला असतो, आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. पहिल्याकडून उत्तर यायला उशीर झाला की विंडोज दुसऱ्याला विचारते, त्याला तुमच्या सर्व्हरचे नाव माहीत नसते. म्हणून हा दोष रोज येत नाही, कधीकधी येतो, आणि सापडत नाही. बाहेरची नावे सोडवायची असतील तर सर्व्हरच्या डीएनएसमध्ये 'फॉरवर्डर' (बाहेरच्या डीएनएसचा पत्ता) घाला, पीसीवर नको.

दुसरे घड्याळ. डोमेनचे लॉगिन कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीवर चालते आणि त्यात मूळ सेटिंगनुसार पीसी आणि सर्व्हरच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. लाईट वारंवार जाते तिथे जुन्या पीसीचा बायोस सेल, सीआर२०३२, उतरला की घड्याळ मागे पडते. फसवा प्रकार टाइम झोनचा. विंडोज नव्याने टाकताना झोन भलताच राहिला आणि कुणी घड्याळ हाताने भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवले, तर स्क्रीनवर वेळ बरोबर दिसते पण आतली वेळ काही तासांनी चुकते. घड्याळ चुकले की फाइलींचे शिक्केही चुकतात, आणि प्रोफाइल सिंक करताना 'नवी कोण, जुनी कोण' हे विंडोज त्या शिक्क्यांवरूनच ठरवते. तुमची 'परवाची प्रत दिसते' ही तक्रार इथूनही येऊ शकते.

तिसरे, पीसी आणि डोमेन यांच्यातला विश्वास. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडून 'टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनेल' (Test-ComputerSecureChannel) चालवा. 'फॉल्स' आले तर त्यालाच 'रिपेअर' जोडून ॲडमिनच्या पासवर्डने दुरुस्त होते. जुन्या इमेजवरून (पूर्ण डिस्कच्या प्रतीवरून) पीसी परत उभा केला असेल तर हे हमखास घडते, कारण पीसीचा स्वतःचा पासवर्ड दर ३० दिवसांनी बदलतो आणि इमेजमध्ये जुना असतो.

१५११ आणि १५१५ साठी आधी पीसी एकदा पूर्ण रीस्टार्ट करा. निम्म्या वेळा फाइल कुणीतरी, बहुतेक अँटिव्हायरसने, धरून ठेवलेली असते आणि तेवढ्याने सुटते. तरी येतच राहिले तर दुसऱ्या ॲडमिन खात्याने लॉगिन करून रजिस्ट्रीत लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, प्रोफाइललिस्ट इथे जा. एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांब नंबरांच्या किल्ल्या दिसतील. एकच नंबर दोनदा असेल, एकाच्या शेवटी 'बॅक' (.bak) अशी पुस्ती, तर तोच रोगी. सगळीकडे दिलेला उपाय म्हणजे पुस्तीची अदलाबदल करून 'स्टेट' आणि 'रेफकाउंट' शून्य करणे. लोकल प्रोफाइल असेल तर तोच करावा, आधी ती किल्ली एक्स्पोर्ट करून ठेवून.

तुमच्याकडे रोमिंग आहे, म्हणून मी वेगळे सुचवतो. सर्व्हरवरची प्रत धड आहे याची दुसऱ्या पीसीवर लॉगिन करून खात्री करा. मग बिघडलेल्या पीसीवरचे त्या माणसाचे फोल्डर बाहेर कॉपी करा, 'युजर प्रोफाइल्स'च्या यादीतून ते प्रोफाइल डिलीट करा आणि पुन्हा लॉगिन करायला लावा. नवी प्रत सर्व्हरवरून उतरते. डिलीट त्या यादीतूनच करायचे. एक्सप्लोररमधून नुसते फोल्डर उडवले तर रजिस्ट्रीतली किल्ली तशीच राहते, आणि पुढच्या वेळी टेम्पररी प्रोफाइल येते ते नेमके त्यामुळेच.

१५२६ सर्व्हर एकदा हलवला असेल किंवा बॅकअपवरून उभा केला असेल तर येतो. फोल्डरचा मालक तो कर्मचारी किंवा 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' गट यांपैकी एक लागतो. कॉपी करणाऱ्याचे खाते मालक झाले असेल तर सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, 'ओनर' इथून बदला, आणि कर्मचाऱ्याला त्यावर पूर्ण अधिकार आहेत का बघा.

लॉगिनची बारा मिनिटे हा स्वतंत्र विषय आहे, आणि इथे हिशेब मांडून बघावा. रोमिंग प्रोफाइल बदललेली फाइल पूर्णच्या पूर्ण नेते, फक्त बदललेला भाग नव्हे. डॉक्युमेंट्समध्ये आउटलुकची ९०० एमबीची पीएसटी (सगळ्या मेल साठवणारी फाइल) असेल तर एक मेल आली तरी लॉगऑफला ९०० एमबी चढतात. २० एमबीपीएसच्या लाइनवर त्याला सहा मिनिटे लागतात. डेस्कटॉपवर स्कॅन केलेली कागदपत्रे आणि वार्षिक सभेचे व्हिडिओ धरून २ जीबी झाले आणि शाखेतल्या एखाद्या पीसीवर ते पहिल्यांदाच उतरले, तर १० एमबीपीएसवर जवळजवळ २७ मिनिटे. तुम्हाला वाटेल, विंडोज हळू लाइन ओळखून लोकल प्रत वापरेल. वापरते, पण प्रोफाइलसाठी 'हळू'ची मूळ मर्यादा ५०० केबीपीएस आहे. तुमची १० एमबीपीएसची लाइन तिच्या लेखी वेगवान.

बेळगावच्या ऑफिसात इंटरनेटची लाइन नव्हे, आतली केबल तपासा. नेटवर्क कार्डाच्या 'स्टेटस'मध्ये १ जीबीपीएस दिसायला हवे. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात. क्रिम्पिंगमध्ये (केबलच्या टोकाला प्लग बसवताना) एक तार सैल राहिली तरी जोडणी तुटेलच असे नाही, ती १०० एमबीपीएसवर येऊ शकते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सर्व्हरचीच केबल अशी असेल तर दहाच्या ठोक्याला चौदा जण त्या १०० मध्ये वाटून घेतात. नव्या सर्व्हरच्या कोटेशनआधी ही एक केबल बदलून बघा.

खरा इलाज मात्र प्रोफाइल हलके करणे. फाइली प्रोफाइलमध्ये नसाव्यात, प्रोफाइलमध्ये फक्त सेटिंग असावीत. त्यासाठी ग्रुप पॉलिसीत (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना लागणाऱ्या नियमांत) 'फोल्डर रिडायरेक्शन'ने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सर्व्हरच्या वेगळ्या शेअरवर वळवा. त्यात 'युजरला एकट्यालाच अधिकार' ही खूण आधीपासून केलेली असते. ती काढा, नाहीतर पुढे बॅकअप घेताना ॲडमिनलाच फोल्डर उघडत नाही. पॉलिसी लावल्यावर दोनदा लॉगिन करावे लागू शकते. 'लॉगिनला नेटवर्कची वाट बघा' ही पॉलिसी चालू केली की एकात काम होते. डाउनलोड्सला 'एक्स्क्लूड डिरेक्टरीज'च्या पॉलिसीत टाका. ॲपडेटामधला (प्रोग्रॅम आपली सेटिंग ठेवतात त्या फोल्डरमधला) 'रोमिंग' भाग वळवू नका, प्रोग्रॅम अडखळतात. सगळ्यांना एकदम नको, एक माणूस, चार दिवस, मग पुढचा.

प्रोफाइल ज्या शेअरवर आहेत त्याच्या 'कॅशिंग' सेटिंगमध्ये ऑफलाइन पूर्ण बंद हवे. ते चालू राहिले तर दोन यंत्रणा एकाच फाइलचे दोन ठिकाणी हिशेब ठेवतात. चौदा पीसींमध्ये अजून एखादा विंडोज ७ असेल तर त्याचे प्रोफाइल सर्व्हरवर 'व्ही२' शेपटीच्या फोल्डरात जाते आणि विंडोज १० (१६०७ पासून) व ११ चे 'व्ही६'मध्ये. दोघांत काहीच देवाणघेवाण नसते. 'तीन नंबर काउंटरवर फाइल दिसत नाही' याचे उत्तर कधीकधी एवढेच असते.

काउंटर बदलण्याची शिस्तही लागेल. एक माणूस दोन पीसींवर एकाच वेळी लॉगिन असेल तर जो शेवटी लॉगऑफ होतो त्याची सेटिंग टिकतात, कारण सेटिंग ठेवणारी एनटीयूझर ही फाइल अख्खी बदलली जाते. स्क्रीन लॉक करून दुसऱ्या काउंटरला जाऊ नये, लॉगऑफच करावे. आणि यूपीएस फक्त पीसीला न देता स्विच आणि राउटरलाही द्या. खानापूरकडे पावसाळ्यात लाईट झपकन जाते-येते. पीसी यूपीएसवर तगतो, स्विच बंद पडतो, आणि लॉगऑफ नेमके तेव्हा चालू असेल तर प्रोफाइल अर्धे चढते. १५०४ आणि लाईट जाण्याच्या वेळा जुळवून बघा.

शाखांसाठी मी रोमिंग बंदच करेन. शाखेच्या पीसींवर 'फक्त लोकल प्रोफाइल' ही पॉलिसी लावा. त्यांच्या कामाच्या फाइली सर्व्हरवर वळवा आणि ऑफलाइन फाइल्स चालू ठेवा, म्हणजे व्हीपीएन तुटला तरी काम थांबत नाही. विंडोज ८ पासून पिंगचा वेळ ३५ मिलिसेकंदांच्या वर गेला की ऑफलाइन फाइल्स आपोआप लोकल प्रतीवर जातात. व्हीपीएनवर हे सहज घडते. कर्मचारी सेव्ह करतो, बेळगावात दिसत नाही, आणि तक्रार येते. ती गायब नाही, सिंक व्हायची आहे. 'सिंक सेंटर'मध्ये 'कॉन्फ्लिक्ट' दिसला तर दोन्ही प्रती ठेवा हा पर्याय घ्या आणि माणसाने उघडून ठरवावे. दोन शाखा जिच्यात लिहितात अशी एक्सेल ऑफलाइनमध्ये कधीच ठेवू नका, आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा डेटा तर मुळीच नाही.

ऑफलाइनची कॅश (पीसीवरच्या प्रतींचा साठा) पूर्ण बिघडली तर रजिस्ट्रीत सीएससी सर्व्हिसच्या 'पॅरामीटर्स'खाली 'फॉर्मॅटडेटाबेस' (FormatDatabase) नावाची डीवर्ड नोंद १ करून रीस्टार्ट करतात. त्याने कॅश साफ होते आणि सर्व्हरवर न पोहोचलेले सगळे काम त्याबरोबर जाते. म्हणून हा शेवटचा उपाय, आणि आधी त्या फाइली हाताने बाहेर काढूनच.

आपल्या भागातल्या दोन अडचणी कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शकात नसतात. तुमच्याकडे पत्रे मराठीत आणि सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये. एका पीसीवर नीट दिसणारे नुडी या कन्नड फाँटमधले पत्र दुसऱ्या काउंटरवर अगम्य अक्षरांत दिसते आणि लोक म्हणतात सिंक होताना फाइल बिघडली. फाइल ठणठणीत असते. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फाँटवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' केले की तो त्या एका युजरच्या ॲपडेटा लोकलमध्ये जातो, आणि तो भाग रोमिंगमध्ये येतच नाही. प्रत्येक पीसीवर 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' करा, नुडी असो वा श्रीलिपी.

दुसरी अडचण फाइलच्या लांब नावांची. विंडोजवर पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. सी ड्राइव्हवर बसणारे नाव सर्व्हरच्या लांब पत्त्यापुढे बसत नाही. तुम्ही बॅकअपला लिनक्सवरचा एनएएस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) वापरत असाल तर तिथे एका नावाला २५५ बाइट्स मिळतात, आणि देवनागरी किंवा कन्नड चिन्हाला प्रत्येकी तीन बाइट्स लागतात. म्हणजे ८५ चिन्हे. यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते: 'श्री' हे एक अक्षर चार चिन्हांचे, बारा बाइट्सचे. 'सर्वसाधारण वार्षिक सभेचा अहवाल आणि नफा-तोटा पत्रक अंतिम दुरुस्त'मध्ये शाखेचे नाव आणि साल घातले की मर्यादा भरत येते. १५०९ मध्ये अशी नावे आली तर नाव आखूड करा, परवानग्या उसकत बसू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. सर्व्हर बदलायचे खरे कारण त्याची आवृत्ती असू शकते. सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, २०१६ चा १२ जानेवारी २०२७ पर्यंत आहे, आणि पीसींवरच्या विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यासाठी बदल करायचा तर जरूर करा, पण प्रोफाइल हलकी करून झाल्यावर, नाहीतर जुना पसारा तसाच नव्या डिस्कवर जाईल. पुढे बोलायला मला एवढे हवे: सर्व्हरची आवृत्ती, एका त्रासलेल्या पीसीवरचे इव्हेंट नंबर वेळेसह, त्या कर्मचाऱ्याच्या प्रोफाइलचा आकार, पीसीवरचे डीएनएसचे दोन्ही रकाने, आणि सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा वेग. लाईट गेलेल्या वेळा टिपलेल्या असतील तर त्याही पाठवा.